जावयाचे पाण्यातले दिवे

आमच्या जावयांना पाण्याखाली फोटो काढायचा छंद लागला, तेव्हा आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं. छंदाला माझी काही हरकत नाही. माणसाला काहीतरी छंद असावा. पण छंद लागायलाही वर्ष बघावं लागतं, आणि ते वर्ष असं होतं की धरणात बुडालेल्या जुन्या देवळांचे कळस वर येऊन बसले होते, आणि लोक गाड्या काढून ते बघायला जात होते.

जावई चिन्मयराव शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. आमच्या मनस्विनीशी लग्न होऊन तीन-चार वर्षं झाल्यावर दोघं अंदमानला गेले. तिथं कुणीतरी त्यांच्या पाठीला हवेची टाकी बांधून त्यांना समुद्रात सोडलं, आणि ते वर आले ते वेगळेच होऊन. तेव्हापासून जमिनीवरचं त्यांना काही आवडेना. एकदा वेरूळला नेलं, तर कैलास लेण्यासमोर उभं राहून म्हणाले, "हे पाण्याखाली असतं तर काय फोटो मिळाला असता!" शेजारी उभ्या असलेल्या एक आजीबाई त्यांच्याकडं बघून दोन पावलं मागं सरकल्या.

शहरात त्यांच्यासारखे आणखी काही जण निघाले. त्यांनी व्हॉट्सॲपवर गट केला. समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर, धरण तळाला गेलेलं, आणि गटाचं नाव 'डीप ब्लू मराठवाडा'. गटावर रोज सकाळी रंगीबेरंगी माशांचे फोटो यायचे, आणि मधूनच कुणीतरी विचारायचं, "सिडकोला आज पाणी आलं का?"

चिन्मयराव आणि मनस्विनी राहायचे जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, एका नव्या टॉवरमध्ये. सोबत चिन्मयरावांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, भानुमतीताई. टॉवरचं नाव 'सागरतीर'. बाल्कनीत उभं राहिलं की पत्र्याच्या शेडा दिसतात, नांगरून नुसतीच पडलेली रानं दिसतात, आणि टँकरची रांग दिसते. जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. बिल्डरनं शब्द पाळला, तलाव बांधला, निळ्या फरश्या लावल्या. पाणी तेवढं घालायचं राहिलं. मुलं त्यात क्रिकेट खेळायची. चेंडू बाहेर जात नाही म्हणून आईबाप खूश.

त्या टॉवरला टँकरचं पाणी. ते भानुमतीताईंच्या घशाला लागायचं. म्हणून दर रविवारी गाडीच्या डिकीत रिकामे कॅन घालून त्या मुलाबरोबर आमच्याकडं यायच्या. "अहो विहीणबाई, तुमच्या हौदाचं पाणी म्हणजे अमृत हो," असं म्हणत स्वतः उभ्या राहून कॅन भरून घ्यायच्या. भरून झाले की आमच्या गल्लीत पार्किंगला जागा नाही यावर थोडं बोलायच्या.

आमचा हौद मात्र खरंच मोठा. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर कालव्यांचे कागद सांभाळले, पण कालव्याचं पाणी काही कागदावरून शेतात गेलेलं बघितलं नाही. त्यामुळं स्वतःचं घर बांधताना आधी हौद बांधला आणि मग त्याच्यावर जमेल तसं घर. अंगणात लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी, आणि माणूस उभा राहिला तर डोकं बुडेल इतकी खोली. ह्यांचा त्या हौदावर मुलीइतका जीव.

त्या वर्षी आषाढ अधिक आला. रमजानही नेमका त्याच आठवड्यात लागला. आमच्या भजनी मंडळात जिनं तिनं महिन्याचा नेम धरला. कुणी चहा सोडला, कुणी अनवाणी राहायचं ठरवलं. मी धरलं, की महिनाभर मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हा नेम नाही, ही तुझी जुनी सवय आहे. सवयीला पुण्य नसतं."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अजराभाभी कंपाउंडच्या भिंतीपाशी आल्या. आमच्या दोन घरांमध्ये ती एवढीशी भिंत, आणि तिच्यावरून तीस वर्षं वाट्या इकडून तिकडं गेलेल्या.

"भाभी, एक बात बोलूं? हमारे नळ का तो इंतकाल हो गया. नुसती हवा आती. तुमच्या हौदातून रमजानभर शाम का और पहाटे सहरी का पानी दोगे क्या? रोजा तो मैं रख लूंगी, पन खोलूं काय के ऊपर?"

"न्या की," मी म्हटलं. "महिनाभर न्या. विचारायचं नाही."

अशी माझ्या नेमाची सुरुवात चांगली झाली.

अधिक महिन्यात मुलगी आणि जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. त्यांना धोंड्याचं जेवण करायचं, आणि जावयाला ताम्हनात तेहतीस अनारसे घालून वर एक दिवा द्यायचा, अशी आमच्याकडं रीत. मी चांदीचं निरांजन मनात धरलं होतं. चिन्मयरावांना फोनवर बोलावणं केलं, तर ते म्हणाले, "आई, तुम्ही दिवाच देणार ना? मग एक विनंती करू? मला स्ट्रोब द्या."

मला वाटलं पंचांगात असेल काहीतरी.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पाण्याखाली अंधार असतो. कॅमेऱ्याच्या पेटीला दोन बाजूंना दोन हात लावायचे, त्या हातांच्या टोकाला दोन दिवे. बटण दाबलं की कडकन उजेड पडतो. त्याला स्ट्रोब म्हणतात. त्यांच्या गटात सगळ्यांकडं होते, यांच्याकडंच नव्हते, म्हणून यांचे अंदमानचे मासे सगळे एकसारखे निळे, जणू एकाच ताग्यातून कापलेले.

मागून भानुमतीताईंचा आवाज आला, "चांदी आजकाल कोण वापरतं हो? त्याची हौस आहे, पुरवा. दिवा तो दिवा."

मागणं आलं होतं. मी म्हटलं, "बरं."

ह्यांनी एवढंच विचारलं, "पाण्याखाली दिवे? आणि पाणी कोण देणार आहे? ते पण वाणात घालायचं का?"

असले दिवे शहरात एकाच ठिकाणी मिळायचे, आणि ते म्हणजे अजराभाभींच्या फरहानचं पैठण गेटाजवळचं दुकान. लग्नाच्या फोटोवाल्यांना कॅमेरे भाड्यानं देणारा पोरगा. 'डीप ब्लू'वाले गिऱ्हाईक मिळाल्यापासून त्याच्या बोलण्यात खारट वारं आलं होतं. त्यानं मुंबईहून दोन जोड्या बघण्यापुरत्या मागवल्या आणि आमच्या बैठकीत दिवाणावर मांडल्या. एक जोडी नारळाएवढी, दुसरी बेलफळाएवढी.

"काकू, ये बडे में ताकत है," तो म्हणाला, "और ये छोटे में अकल. आता जिजूंनी ठरवायचं, त्यांना काय कमी पडतंय ते."

चिन्मयराव हसले नाहीत. दिव्यांच्या बाबतीत ते हसत नसत. मोठ्या जोडीचा उजेड लांब जातो म्हणाले, पण एकदा चमकला की पुन्हा भरायला वेळ घेतो. तोवर मासा निघून जातो.

"माझ्यासारखा," हे म्हणाले. "जिना चढलो की दम खावा लागतो."

"आणि लहान जोडीचा उजेड पसरट पडतो, बाबा. लगेच दुसऱ्या फोटोला तयार. पण खोलवर पुरेल का, हा प्रश्न आहे."

"कुठं खोलवर?"

चिन्मयरावांनी पाण्याचं नाव घेतलं नाही. ते रंगांवर बोलायला लागले. पाण्यात खोल गेलं की सगळ्यात आधी लाल रंग जातो. लाल पोवळं काळपट दिसायला लागतं. दिवा जवळ नेला तरच त्याचं खरं लाल परत येतं.

"म्हणजे कुंकू लावून बाई पाण्यात उतरली तर?" मी विचारलं.

"काळं दिसणार, आई. दिव्याशिवाय काळंच."

हे मात्र मला पटलं. दिवा लावल्याशिवाय देवाच्या कपाळावरचं कुंकू आमच्याही देवघरात दिसत नाही.

मग निवड सुरू झाली. मला वाटायचं, वस्तू हातात घ्यावी, परतून बघावी, एक ठेवावी, एक परत द्यावी. साडीचं असंच असतं. पण या दिव्यांची निवड पाण्याशिवाय होत नाही, असं जावई म्हणाले. हवेत सगळेच दिवे चांगले दिसतात. चिन्मयरावांनी आधी बादली मागितली. दिली. बादलीत दिवा मावला, पण कॅमेरा मावला नाही. मग न्हाणीतला पिंप मागितला. चार दिवस पुरवायचं पाणी त्यात. तेही दिलं.

पाण्यात मासे हवे होते. आमच्या घरात मासे कुठले? मग मनस्विनीनं दोऱ्याला बांधून वांगी सोडली, एक लिंबू सोडलं, आणि टोमॅटो लाल रंगाच्या परीक्षेसाठी. चिन्मयराव पिंपावर ओणवे होऊन अर्धा दिवस वांग्यांचे फोटो काढत होते. आधी मोठ्या दिव्यानं, मग लहान दिव्यानं. प्रत्येक वेळी न्हाणीत वीज पडल्यासारखं व्हायचं. समोरच्या घरच्या सत्यभामाबाई विचारून गेल्या, वेल्डिंग चालू आहे का.

फोटो बघितले तर वांग्यांवर सगळीकडं पांढरे ठिपके. जणू वांग्यांना गोवर आला होता. चिन्मयरावांनी ते गटावर टाकले. गटावर वाद झाला. कुणी म्हणालं मोठे घे, कुणी म्हणालं लहान घे, एकानं वांग्याच्या भावाबद्दल विचारलं. शेवटी गटाचे प्रमुख, ज्यांनी स्वतःच्या प्रोफाइलवर पाण्यातला फोटो लावला होता पण तो लोणावळ्याच्या रिसॉर्टमधला होता असं मनस्विनी म्हणायची, त्यांनी निकाल दिला, की दिव्याचा दोष नाही, दोष पाण्याचा. पाण्यातल्या बारीक कचऱ्यावर उजेड पडून तो परत कॅमेऱ्यात येतो. दिवे दोन्ही बाजूंना लांब धरले की कचरा दिसत नाही. पिंपात हात पसरायला जागा नाही. तेव्हा खरी परीक्षा मोठ्या पाण्यातच.

"म्हणजे कचरा जात नाही," हे म्हणाले. "नुसता दिसत नाही. आमच्या खात्याला हे दिवे पूर्वीच द्यायला हवे होते."

पिंपातल्या पाण्यावर त्या कॅमेऱ्याच्या रबराला लावायच्या वंगणाचा तवंग आला होता. ते पाणी फरशी पुसायला गेलं. पिंप सोड्यानं घासला, राखेनं घासला, तरी वास जाईना. तो पिंप पिण्याच्या कामातून उठला. वांग्यांचं मनस्विनीनं भरीत करायला घेतलं. मोठ्या दिव्याच्या उजेडात फार देखणी दिसलेली वांगी आतून किडकी निघाली.

धोंड्याचं जेवण रविवारी ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी नळ आला आणि हौद काठोकाठ भरला. पुढचं पाणी गुरुवारी, तेही आलं तर. त्या हौदात आमचे पाच दिवस होते, अजराभाभींचे पाच दिवसांचे रोजे होते, आणि भानुमतीताईंचे कॅन होते.

रविवारी सकाळी गाडी थांबली. आधी कॅन उतरले, मग भानुमतीताई, मग मनस्विनी, आणि मग चिन्मयराव. त्यांच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा रबरी पोशाख. डोक्यावर चष्मा. दोन्ही हातांत दोन्ही जोड्या. पाऊस नव्हताच, ऊन मात्र मे महिन्यातलं. गल्लीतली पोरं मागोमाग आमच्या फाटकापर्यंत आली.

"आई," चिन्मयराव अगदी अदबीनं म्हणाले, "उद्या फरहानला एक जोडी मुंबईला परत पाठवायची आहे. शहरातले पोहण्याचे तलाव टंचाईमुळं बंद आहेत. आमच्या टॉवरच्या तलावात आज मॅच आहे. मी हौदात उतरू का? अर्धा तास फक्त. जेवणाआधी. भरल्या पोटी उतरायचं नसतं."

ह्यांच्या हातातला पेपर खाली आला. पण अधिकातला जावई. ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. "भाभी, ये मैं क्या सुन रई? दामाद हौद में उतरने वाले?"

अजराभाभी भिंतीपाशी उभ्या, आणि त्यांच्यामागं फरहान, तोंड लपवायला जागा शोधत. पोशाख त्यानंच भाड्यानं दिला होता, तेव्हा बातमी त्याच्याच तोंडून घरी गेलेली.

"अम्मी, आधे घंटे का काम है," तो म्हणाला.

"तू चूप. बेचनेवाला तू, पीनेवाली मैं."

"आजचे हंडे आधी काढून घेऊ या," हे मधे पडले. "मग उतरू दे."

"और कल का, भाईसाब? परसों का? जुमेरात तक काय के अंदर भर के रखूं? तुमच्या पिंपात तो पहिलेच बैंगन नहाके गए."

अजराभाभींनी आधी मागितलं होतं आणि मी महिनाभराचं हो म्हटलं होतं. आता जावई मागत होते. दोघांचं मागणं एकाच हौदातलं. नाही म्हणावं तर नेम मोडतो, हो म्हणावं तर शब्द मोडतो. आणि शब्दात पाणी होतं. दिवसभर थेंब न घेता संध्याकाळी खजुराबरोबर ओठाला लावायचं पाणी.

भानुमतीताई सावलीत खुर्ची ओढून बसल्या होत्या. "अहो, उतरू दे की त्याला," त्या म्हणाल्या. "हौद काय झिजणार आहे का? माझा चिन्मय काही घाण नाही. मोठ्या मनानं हो म्हणावं माणसानं. अधिक महिना आहे."

त्यांनी अधिक महिना म्हटलं आणि मला एकदम हलकं वाटलं.

"उतरा की, चिन्मयराव," मी म्हटलं.

अजराभाभींचा चेहरा पडला. मला त्यांच्याकडं बघवेना. मी मनस्विनीला हाक मारली.

"मनू, ताम्हन आण आणि तांब्या आण. आधी जावयांचे पाय धुते. ते पाणी बाहेर सांडायचं नाही हं, हौदातच जाऊ दे. अधिकातला जावई म्हणजे नारायण. नारायण पाण्यात उतरला की ते पाणी राहिलं नाही, तीर्थ झालं. आता पुरणाची डाळ चढवली नाही अजून ते बरंच झालं. त्यांना वर येऊ दे, मग त्याच पाण्यात शिजवू. कढी त्याचीच, भात त्याचाच. विहीणबाईंच्या ताटाशी तांब्या भरून ठेवायचा तोही त्याचाच."

भानुमतीताईंचा पदरानं वारा घेणारा हात थांबला.

"आणि कॅन आत्ता भरू नकोस," मी पुढं सांगितलं. "विहीणबाईंना नुसतं पाणी कशाला द्यायचं? जावयांची आंघोळ, म्हणजे त्यांचं काम झालं की भर. आठवडाभर पुण्य पुरेल."

मी हे थट्टेनं बोलत नव्हते. मी खरंच तसंच केलं असतं, आणि सगळ्यात आधी मी स्वतः ओंजळ घेतली असती. हे मला ओळखतात. म्हणून ते हळूच उठले आणि झाकणाचं कुलूप काढायला लागले.

"अगंबाई, थांबा, थांबा," भानुमतीताई म्हणाल्या. "मी म्हणते, आधी माझे कॅन भरून घेऊ ना. मग उतरेल तो."

"भरते की," मी म्हटलं. "पण आमचा हौद कधी पुरता रिकामा होत नाही, ताई. नवं पाणी जुन्यातच पडतं. पुढच्या रविवारी न्याल त्यात थोडं तीर्थ असणारच. त्याच्या पुढच्या रविवारीही. चिन्मयराव तुमच्याच पोटचे, तुम्हाला त्याचं काय?"

"तसं नाही हो. पण प्यायचं पाणी आहे ते."

"व्हय. तेच म्हणते मी."

भानुमतीताईंनी मुलाकडं बघितलं. त्या रबरी पोशाखातून घामाच्या धारा घोट्यावर आल्या होत्या आणि पायाखालची फरशी ओली झाली होती.

"चिन्मय, सकाळी आंघोळ केलीस का?"

"कुठली आंघोळ, आई? पाणी वर चढलंच नाही आज. ओल्या टॉवेलनं पुसून घेतलं."

"आणि हे अंगात काय घातलंयस? नवीन आहे?"

"भाड्याचा आहे," चिन्मयराव म्हणाले. "फरहानकडचा."

"एकदम ओरिजिनल आहे, आंटी," फरहान भिंतीपलीकडून म्हणाला. सवयच त्याची. "मागच्या पार्टीनं मालवणला घातला होता. त्याच्या आधी एका पार्टीनं गोव्याला."

"धुतला होता का रे मधे?"

फरहान गोंधळला. पोरगा खोटं बोलणारा नाही, त्यात रोजा. "धोने को पानी किधर है, आंटी?"

अजराभाभींनी तोंडावर ओढणी घेतली. त्यांचे खांदे हलत होते.

"खबरदार!" भानुमतीताई खुर्चीतून उठल्या. "खबरदार त्या हौदात पाय घातलास तर! काढ आधी ते अंगातलं. शी! पिण्याच्या पाण्यात उतरतोय. शिकलेला ना तू? माणसं पितात ते!"

"पण आई, सासूबाईंनी परवानगी दिलीय."

"मी दिलीच आहे," मी म्हटलं.

"त्यांनी दिली असेल. मी देत नाही!"

ह्यांनी काढलेलं कुलूप पुन्हा लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. एरवी किल्ली खुंटीला असते.

पोशाख काढणं सोपं नव्हतं. घामानं तो अंगाला चिकटून बसला होता. एका बाजूनं हे, एका बाजूनं भिंतीवरून उडी मारून आलेला फरहान, असे दोघं ओढत होते, आणि चिन्मयराव मधे हात वर करून, लालबुंद तोंडानं उभे. पाण्यात न उतरताच माणूस इतका चिंब झालेला मी पहिल्यांदा बघितला. फाटकातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनस्विनीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तिच्या नवऱ्याच्या इतक्या फोटोंत लाल रंग व्यवस्थित आलेला तो पहिलाच असावा.

जेवणं झाली. धोंडे चांगले झाले होते. चिन्मयराव हिरमुसले होते, पण चार खाल्ले.

तरी दिव्यांचा प्रश्न शिल्लकच होता. वाण तर आजच द्यायचं, आणि कोणती जोडी ते ठरेना. चिन्मयरावांनी पुन्हा गटावर विचारलं. गटावर सगळे रविवारचे झोपले होते. एकानं उठून 'दोन्ही घे' लिहिलं आणि परत झोपला.

मी पाटाभोवती रांगोळी घातली, ताम्हनात अनारसे रचले आणि म्हटलं, "ठेवा."

चिन्मयरावांनी आधी मोठी जोडी ठेवली. अनारसे दिव्याखाली चेंगरले, दोन गडगडत पाटाखाली गेले.

"अनारसे कमी कर," हे म्हणाले.

"तेहतीसच लागतात."

"मग मोठं ताम्हन?"

"मोठं मागच्या अधिकात ताईंकडं गेलंय. वाण परत मागत नाहीत."

भानुमतीताई छताकडं बघायला लागल्या. चिन्मयरावांनी लहान जोडी ठेवली. ती अनारशांच्या मधोमध पिलांसारखी बसली. गटाच्या इतक्या चर्चा, पिंपभर पाणी, किलोभर वांगी, आणि शेवटी निवड झाली ती ताम्हनाच्या घेरावर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जे ताटात मावतं तेच द्यावं.

मी दिव्याला कुंकू लावायला बोट पुढं केलं, तर जावई ओरडले, "आई, काचेवर नको!" मग बाजूला लावलं. ओवाळायला लागले, तर त्यांनी हौसेनं बटण दाबलं. डोळ्यांपुढं इतका पांढरा उजेड पडला की क्षणभर मला ना नारायण दिसला ना लक्ष्मी. भानुमतीताईंना वाटलं मीटर उडाला.

मोठी जोडी घेऊन फरहान दुकानावर गेला. ऊन उतरल्यावर अजराभाभी दोन हंडे घेऊन आल्या. भानुमतीताईंचे कॅन झाकणापाशी आधीच रांगेत लावून ठेवले होते, आणि त्या स्वतः पहिल्या कॅनपाशी उभ्या होत्या.

मी पहिला पोहरा अजराभाभींच्या हंड्यात ओतला. दुसराही. मोजले नाहीत, हंडे भरेपर्यंत ओतत राहिले.

"अहो, आम्हाला लांब जायचंय," भानुमतीताई म्हणाल्या.

"त्यांचा रोजा सुटायची वेळ ठरलेली आहे, ताई. तुमची गाडी तुमच्या हातात आहे."

अजराभाभी हंडा कडेवर घेता घेता म्हणाल्या, "अल्ला तुम्हारे दामाद कू समंदर दे, भाभी. बडावाला. घर से लई दूर."

मग मी कॅन भरायला घेतले. दुसरा कॅन भरत आला तेव्हा भानुमतीताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगा, विहीणबाई. तुम्ही त्याला खरंच उतरू दिलं असतं?"

"दिलंच होतं की, ताई. मी त्यांना हौद दिला. परत तुम्ही घेतलात."

त्यांनी वाकून कॅनमध्ये बघितलं, बोटानं पाणी ढवळून बघितलं, आणि झाकण स्वतःच्या हातानं घट्ट पिळलं. निघताना गाडीत जागेवरून थोडी ओढाताण झाली. शेवटी अधिकाचे दिवे डिकीत गेले, स्टेपनीशेजारी. कॅन मागच्या सीटवर बसले, आणि दोन्हींच्या मधे, एकेका कॅनवर एकेक हात ठेवून, भानुमतीताई.